परावर्तनाचा आकडा कोणाचा?

नैसर्गिक बर्फावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा काही भाग आत मुरतो आणि उरलेला पुन्हा आकाशाकडे जातो. परत जाणाऱ्या प्रकाशाचे पडलेल्या प्रकाशाशी असलेले गुणोत्तर म्हणजे आल्बेडो. शून्य म्हणजे सगळा प्रकाश गिळणारा पृष्ठभाग, एक म्हणजे सगळा परतवणारा. हवामानशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांत याचा एक छोटा तक्ता असतो: ताजे कोरडे हिम ०.८५, जुने ओले हिम ०.५ ते ०.७, हिमनदीचा स्वच्छ उघडा बर्फ ०.३५, धुळीने माखलेला बर्फ ०.२, मोकळा समुद्र ०.०६. (येथे हिम म्हणजे आकाशातून पडून साचलेले भुसभुशीत कण आणि बर्फ म्हणजे ते कण दाबले जाऊन किंवा पाणी गोठून झालेला घट्ट पदार्थ.) तक्ता चुकीचा नाही. पण तो ज्या रूपात छापला जातो, त्या रूपामुळे एक समजूत मनात पक्की बसते.

समजूत अशी की घनता किंवा वितळणबिंदू जसा पदार्थाचा असतो, तसा आल्बेडोही बर्फाचा अंगभूत गुण आहे. उपकरण लावावे, आकडा वाचावा, नोंदवावा. याच समजुतीतून पुढची सोपी साखळी तयार होते: बर्फ मळला की काळवंडतो, काळवंडला की जास्त ऊन शोषतो, शोषले की वितळतो. साखळीतली एकही कडी पूर्णपणे खोटी नाही, आणि म्हणूनच तिचा उथळपणा लवकर लक्षात येत नाही. या लेखाचे प्रतिपादन असे की आल्बेडो एकट्या बर्फाचा कधीच नसतो. बर्फाची आतली रचना, सूर्याची जागा, वरचे आकाश आणि मोजणारे उपकरण या चौघांनी मिळून तो आकडा ठरतो. शेवटच्या तिघांचा उल्लेख नसलेला आकडा अर्धाच असतो. ज्या बारीक बदलांवरून आज वाद घातले जातात, ते बदल नेमके या उरलेल्या अर्ध्यात हरवून जाण्याइतके लहान आहेत.

१. किती अचूकता हवी?

आधी हिशोब पाहावा, कारण त्याशिवाय पुढची सगळी बारीक चर्चा कीस काढल्यासारखी वाटेल. उन्हाळ्यात एखाद्या हिमनदीवर दिवसरात्र मिळून सरासरी २५० वॉट प्रति चौरस मीटर इतके ऊन पडते असे धरले आणि आल्बेडो ०.४० ऐवजी ०.३५ असला, तर प्रत्येक चौरस मीटरमागे साडेबारा वॉट जास्त शोषले जातात. दिवसाला ही ऊर्जा जवळजवळ १०.८ लाख ज्यूल होते. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळायला ३.३४ लाख ज्यूल लागतात, म्हणजे रोज सव्वातीन मिलिमीटर पाणी जादा. नव्वद दिवसांच्या उन्हाळ्यात हे २९ सेंटिमीटरवर जाते. दुसऱ्या दशांशस्थळावरचा पाचाचा फरक इतका महाग आहे.

ताज्या हिमाच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. मोजला जातो तो परत गेलेला प्रकाश. हिमाच्या ऊर्जेच्या हिशोबात मात्र लागतो न गेलेला. खरा आल्बेडो ०.८५ असताना मोजणी ०.८२ अशी झाली, तर चूक साडेतीन टक्क्यांची दिसते. शोषलेला भाग मात्र ०.१५ ऐवजी ०.१८ ठरतो, आणि ही चूक वीस टक्क्यांची आहे. पृष्ठभाग जितका उजळ, तितकी मोजणीतली तीच चूक शोषणाच्या हिशोबात मोठी होऊन उतरते. पांढऱ्याशुभ्र हिमाचा आल्बेडो मोजणे सोपे असावे, असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. गणित उलटे सांगते.

२. परतणारा प्रकाश येतो आतून

दृश्य प्रकाशासाठी बर्फाचा अपवर्तनांक १.३१ आहे. हवेतून लंब पडणाऱ्या किरणाचा किती भाग अशा सीमेवरून परतेल, ते फ्रेनेलच्या सूत्राने काढता येते: जेमतेम दोन टक्के. पाण्याचेही तेवढेच. म्हणजे ‘बर्फाचा पृष्ठभाग प्रकाश परतवतो’ हे वाक्य शब्दशः खरे असते, तर बर्फ समुद्राइतकाच काळा दिसला असता. कधीकधी तो तसा दिसतोही. तळ्यावर संथपणे गोठलेला, बुडबुडे आणि तडे नसलेला थर खालच्या पाण्याचाच रंग दाखवतो.

पांढरेपणा येतो तो बर्फ आणि हवा यांच्यातल्या असंख्य सीमांमुळे. खडीसाखरेचा खडा आरपार दिसतो आणि त्याचीच पूड पांढरी दिसते. पदार्थ बदललेला नसतो, सीमा वाढलेल्या असतात. हिमात प्रत्येक कणाची कड ही अशी सीमा असते. हिमनदीच्या बर्फात ते काम अडकलेले हवेचे बुडबुडे आणि केसासारखे बारीक तडे करतात. प्रकाश आत शिरतो, शेकडो वेळा दिशा बदलतो आणि वाटेत शोषला गेला नाही तर कुठूनतरी बाहेर पडतो. आल्बेडो म्हणजे या आतल्या भटकंतीतून सुटून आलेल्या प्रकाशाची मोजदाद.

यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. हिमनदीच्या उघड्या बर्फावर ऊन पडले की ते पृष्ठभागाखालीही पोहोचते आणि स्फटिकांच्या सांध्यांवर आतल्या आत वितळण सुरू होते. काही दिवसांच्या स्वच्छ उन्हात वरचा थर सच्छिद्र, कुरकुरीत होतो. सीमा वाढतात आणि बर्फ उजळतो. म्हणजे वितळणे चालू असताना आल्बेडो वाढू शकतो. मग पाऊस पडतो किंवा ढगाळ, उबदार, वाऱ्याची रात्र येते. वितळण पृष्ठभागावरून होऊ लागते, सच्छिद्र थर धुऊन जातो आणि खालचा घट्ट, निळसर, काळपट बर्फ उघडा पडतो. या सगळ्यात धुळीचा एक कणही वाढलेला नसतो. ‘बर्फ काळवंडला म्हणजे मळला’ हा निष्कर्ष इथेच डळमळतो.

३. दोन प्रकाश, दोन उत्तरे

जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या सूर्यऊर्जेचा ढोबळमानाने अर्धा भाग डोळ्यांना दिसत नाही. तो निकट-अवरक्त पट्ट्यात असतो. बर्फ या दोन भागांशी अगदी वेगळा वागतो. शुद्ध बर्फातून निळा प्रकाश कित्येक मीटर शोषला न जाता जातो. १५०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश मात्र मिलिमीटरभरही टिकत नाही. त्या तरंगलांबीला संवेदनशील असलेल्या कॅमेऱ्यात बर्फाच्छादित मैदान जवळजवळ काळे येते.

वॉरन विस्कोम आणि स्टीफन वॉरन यांनी १९८० मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानाने या भेदाला शिस्त लावली. दृश्य प्रकाशात शुद्ध बर्फ जवळपास काहीच शोषत नाही, त्यामुळे तिथे काजळी किंवा धूळ यांचा अत्यल्प अंशही उठून दिसतो. निकट-अवरक्तात बर्फ स्वतःच शोषक असल्याने अशुद्धी झाकली जाते आणि कणांचा आकार निर्णायक ठरतो: कण मोठा असेल तर प्रकाशाला एका सीमेपासून दुसऱ्या सीमेपर्यंत बर्फातून जास्त अंतर कापावे लागते आणि तो वाटेत संपतो. ताज्या हिमाचे कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात. वितळू लागलेले जुने हिम मिलिमीटरभर जाड कणांचे होते. एकही काळा कण न पडता, केवळ वय आणि ऊब यांमुळे हिम काळवंडते. मात्र हे काळवंडणे डोळ्यांना फारसे दिसत नाही. डोळ्यांना पांढरेशुभ्र वाटणारे हिम ऊर्जेच्या हिशोबात बरेच खाली आलेले असू शकते, ही बाब छायाचित्रांवरून निष्कर्ष काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

वरचे आकाशही याच वाटेने हिशोबात शिरते. ढग निकट-अवरक्त प्रकाश शोषतात. त्यामुळे ढगाखाली पोहोचणाऱ्या प्रकाशात दृश्य भागाचे प्रमाण वाढते. बर्फ दृश्य प्रकाश जास्त परतवतो, म्हणून ढग येताच आल्बेडो वाढतो, अनेकदा पाच शतांशांनी किंवा त्याहून जास्त. बर्फाच्या अंगात काडीचाही बदल झालेला नसतो. वरच्या हिशोबाप्रमाणे एवढ्याच फरकाने उन्हाळ्याचे २९ सेंटिमीटर पाणी इकडचे तिकडे होते.

४. दिशेचा प्रश्न

योहान हाइनरिख लाम्बेर्ट यांच्या १७६० सालच्या ‘फोटोमेट्रिया’ या ग्रंथापासून आदर्श पृष्ठभागाची एक कल्पना रूढ आहे: जो कोणत्याही दिशेने पाहिला तरी सारखाच उजळ दिसतो. कित्येक मोजण्यांच्या मुळाशी बर्फ असा आदर्श आहे हे गृहीतक न बोलता बसलेले असते. बर्फ तसा नाही. त्याचे कण प्रकाशाला मुख्यतः पुढच्या दिशेने ढकलतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना सूर्याकडे तोंड करून पाहिले तर हिम डोळे दिपवते. पाठ करून पाहिले तर तेच हिम कमी उजळ असते. ओल्या, गुळगुळीत बर्फावर यात आरशासारखी चमकही मिसळते. सूर्य खाली असताना एकूण आल्बेडोही वाढतो, कारण तिरका प्रकाश पृष्ठभागालगतच विखुरतो आणि त्याला बाहेर पडायची संधी लवकर मिळते.

ही दिशानिर्भरता मोजण्यासाठी प्रकाश कोणत्या कोनातून आला आणि कोणत्या कोनात गेला, अशा प्रत्येक जोडीसाठी वेगळा आकडा लागतो. कमानीवर संवेदक फिरवणारी कोनमापक उपकरणे यासाठी वापरतात. त्यांची अडचण अशी की संवेदक कमानभर फिरेपर्यंत सूर्य पुढे सरकलेला असतो आणि उपकरणाची स्वतःची सावली नमुन्यावर पडते. अंटार्क्टिकावरच्या डोम सी येथे स्टीफन हडसन, वॉरन आणि सहकाऱ्यांनी यासाठी ३२ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा आधार घेतला. उंचीमुळे सावलीचा त्रास घटला आणि वाऱ्याने कोरलेल्या लाटाही मोजणीच्या आवाक्यात आल्या. त्या मोजण्या २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

वाऱ्याने कोरलेल्या या कडक लाटांना सास्त्रुगी म्हणतात. त्यांचा परिणाम वेगळा काढण्याची सोय दक्षिण ध्रुवावर निसर्गानेच केलेली आहे. तिथे दिवसभरात सूर्याची उंची जवळपास बदलत नाही. तो क्षितिजाला समांतर पूर्ण फेरी मारतो. सास्त्रुगी प्रचलित वाऱ्याच्या दिशेने रांगेत असतात. त्यामुळे चोवीस तासांत सूर्य कधी लाटांच्या रेषेत येतो, कधी आडवा, आणि बाकी सगळे तसेच राहते. लाटांना आडवा प्रकाश पडला की आल्बेडो घटतो, कारण लाटेच्या सूर्याकडच्या बाजूवर तो कमी तिरका पडतो आणि एका लाटेने परतवलेला प्रकाश शेजारच्या लाटेत पुन्हा अडकतो. कणांचा आकार तोच, स्वच्छता तीच, सूर्याची उंची तीच, आणि आकडा वेगळा. लेखाच्या मूळ प्रतिपादनाला याहून नेटका पुरावा प्रयोगशाळेतही मिळणे अवघड आहे.

क्षेत्रीय मोजणीत एक व्यावहारिक गोंधळही इथूनच निघतो. वर्णपटमापक घेऊन जाणारे संशोधक आधी जवळजवळ संपूर्ण परावर्तक अशा पांढऱ्या फलकावर आणि मग बर्फावर उपकरण रोखतात व दोन वाचनांचे गुणोत्तर घेतात. हे एका दिशेतले परावर्तन झाले, आल्बेडो झाला नाही. पुढच्या दिशेने ते एकापेक्षा जास्त येऊ शकते आणि त्यात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा भंग होत नाही, कारण तुलना आदर्श फलकाशी आहे. तरीही दोन्ही राशी एकाच स्तंभात मांडलेल्या आढळतात. दोन वेगळ्या राशी शेजारी ठेवून ‘बदल झाला’ म्हणणे हा गलथानपणा आहे. त्याला अनिश्चितता हे सभ्य नाव देऊ नये.

५. खांबावरची दोन उपकरणे

हिमनदीवरच्या स्वयंचलित केंद्रांत आल्बेडो मोजण्याची पद्धत दिसायला अगदी साधी आहे. काचेच्या दुहेरी घुमटाखाली काळी पट्टी असलेला पायरॅनोमीटर आकाशाकडे आणि तसाच दुसरा जमिनीकडे तोंड करून आडव्या दांडीवर बसवतात. काळी पट्टी किती तापली यावरून साधारण ३०० ते २८०० नॅनोमीटरमधील एकूण ऊर्जा कळते. खालचे वाचन भागिले वरचे वाचन, की आल्बेडो मिळाला.

पहिला प्रश्न: हा आकडा किती जागेचा? पृष्ठभाग सर्व दिशांना सारखा उजळ धरला तर खाली पाहणाऱ्या संवेदकाला अर्धा प्रकाश त्याच्या उंचीइतक्या त्रिज्येच्या वर्तुळातून मिळतो आणि नव्वद टक्के तिप्पट त्रिज्येतून. संवेदक दोन मीटरवर असेल तर ‘हिमनदीचा आल्बेडो’ म्हणून नोंदलेला आकडा बारा मीटर व्यासाच्या वर्तुळाचा असतो, आणि त्यातही खांबाचे पाय व त्यांची सावली असते. बर्फ वितळत जातो, केंद्र जिथल्या तिथे खाली येते किंवा रोवलेला खांब उंच उघडा पडतो. दुसऱ्या प्रकारात वर्तुळ उन्हाळाभर मोठे होत जाते.

दुसरा प्रश्न कलण्याचा, आणि प्रत्यक्षात हाच सर्वांत जास्त सतावतो. बर्फात रोवलेली कोणतीही वस्तू वितळणीसोबत कलते. सूर्य डोक्यावरून ६० अंश खाली असताना वरचा संवेदक सूर्यापासून फक्त एक अंश दूर कलला, तर थेट उन्हाचे वाचन तीन टक्क्यांनी कमी येते, ०.६० हा आल्बेडो ०.६२ दिसतो. सूर्य ८० अंशांवर असेल, आणि ध्रुवीय प्रदेशात तो बऱ्याचदा असतो, तर एका अंशाची चूक दहा टक्क्यांच्या घरात जाते. सकाळी चूक एका बाजूची तर दुपारनंतर दुसऱ्या बाजूची. त्यामुळे दिवसभरात आल्बेडोचा एक सुबक चढउतार आलेखावर उमटतो आणि तो पूर्णपणे कृत्रिम असतो. अंटार्क्टिकातील मानवविरहित केंद्रांच्या नोंदी तपासताना उट्रेख्टच्या मिखील व्हान डेन ब्रुक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यावर एक समंजस तोडगा सुचवला: क्षणाक्षणाचे गुणोत्तर न घेता चोवीस तासांच्या परत गेलेल्या ऊर्जेची बेरीज पडलेल्या ऊर्जेच्या बेरजेने भागावी. चूक बरीच विरते. बदल्यात दिवसातला खरा चढउतारही हातचा जातो. ग्रीनलँडमध्ये २००७ पासून चालणाऱ्या प्रोमाइस जाळ्यातली केंद्रे स्वतःचा कल नोंदवतात, म्हणजे दुरुस्ती नंतर करता येते.

याशिवाय किरकोळ वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत. वरच्या घुमटावर दव गोठले किंवा हिम साचले की आल्बेडो एकाच्या पुढे जातो. एका अर्थी हे बरेच, कारण अशक्य आकडा निदान पकडता येतो. घुमट अर्धाच झाकला तर आकडा शक्य कोटीत राहतो आणि सुटतो. उतारावर संवेदक क्षितिजसमांतर ठेवावा की उताराला समांतर, यावर उत्तर बदलते. यांतले काहीही गूढ नाही. पण छापलेल्या तक्त्यात यांतले काहीच नसते.

६. दोनशे मीटरची रेषा

एका बिंदूवर मोजून भागत नाही, हे सागरी बर्फावर सर्वांत स्पष्टपणे दिसले. १९९७च्या ऑक्टोबरात कॅनडाच्या तटरक्षक दलाचे ‘दे ग्रोसेलिये’ हे जहाज ब्यूफोर्ट समुद्रातील बर्फात मुद्दाम अडकवून ठेवले गेले आणि ते वर्षभर बर्फासोबत वाहत राहिले. शीबा नावाच्या या मोहिमेत डोनाल्ड पेरोविच आणि सहकाऱ्यांनी १९९८च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दोनशे मीटर लांबीच्या रेषेवर दर अडीच मीटरला आल्बेडो मोजला. वसंतात सगळीकडे कोरडे हिम होते, आकडे ०.८ ते ०.९ यांच्यात, रेषेवर कुठेही मोजा. वितळण सुरू झाल्यावर बर्फावर पाण्याची डबकी साचली. जुलैअखेरीस रेषेची सरासरी ०.४ पर्यंत उतरली होती, आणि तिच्यावरच गडद डबक्यांत ०.१ तर उघड्या पांढऱ्या बर्फावर ०.६५ असे आकडे होते.

तेव्हा ‘सागरी बर्फाचा आल्बेडो’ किती, या प्रश्नाला रेषा सोडून उत्तर नाही. सरासरी ०.४ हा आकडा तिथल्या फार थोड्या जागांना लागू पडत होता. सरासरी ठरत होती ती डबक्यांनी किती क्षेत्र व्यापले यावरून, म्हणजे बर्फाच्या उंचसखलपणावरून आणि पाण्याच्या निचऱ्यावरून.

७. उपग्रहाची नजर आणि एक सावध करणारा प्रसंग

हजारो किलोमीटरच्या हिमस्तरासाठी उपग्रहाला पर्याय नाही. टेरा उपग्रहावरचे मोडिस उपकरण २००० पासून रोज ग्रीनलँड पाहत आहे. पण ते आल्बेडो मोजत नाही. ते मोजते वातावरणातून गाळून आलेला, एका दिशेतला, काही अरुंद पट्ट्यांतला प्रकाश. त्यातून वातावरण वजा करणे, दिशेची दुरुस्ती करणे आणि थोड्या पट्ट्यांवरून पूर्ण वर्णपटाचा अंदाज बांधणे ही सगळी प्रतिमानांची कामे आहेत. पाचशे मीटरच्या एका चौकोनाला दोन मीटर उंचीच्या खांबावरून पडताळायचे, तर पडताळणारे वर्तुळ त्या चौकोनाचा दोन हजारांवा भागही भरत नाही.

ग्रीनलँडच्या उंच, कधीच न वितळणाऱ्या कोरड्या हिमप्रदेशात आल्बेडो वर्षागणिक घटतो आहे असे मोडिसच्या नोंदींच्या पाचव्या आवृत्तीतल्या आकड्यांवरून दिसत होते. काजळी आणि धूळ वाढल्याचे स्पष्टीकरण तयारच होते, कारण सोपी साखळी तेच सुचवते. क्रिस पोलाशेन्स्की आणि सहकाऱ्यांनी वायव्य ग्रीनलँडमध्ये जाऊन हिमाचे नमुने घेतले. धूळ व काजळी पूर्वीच्या दशकांपेक्षा वाढल्याचे आढळले नाही. २०१५ मध्ये त्यांनी दाखवले की दिसणाऱ्या घटीचा मोठा भाग उपग्रहावरच्या झिजत चाललेल्या संवेदकाचा असू शकतो. पुढे सहाव्या आवृत्तीत संवेदकाची दुरुस्ती झाल्यावर कोरड्या प्रदेशातला कल बराच ओसरला. कडेच्या वितळणाऱ्या पट्ट्यातली घट मात्र टिकून राहिली.

या प्रसंगाचा चुकीचा अर्थ काढणे सोपे आहे. त्यातून ‘उपग्रहांवर विश्वास नको’ असे सिद्ध होत नाही. आकड्यात उपकरणाचा वाटा किती, हे स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय उरलेला वाटा बर्फाच्या नावावर टाकता येत नाही, एवढेच सिद्ध होते. वॉरन यांनी २०१३ मध्ये हाच मुद्दा काजळीपुरता तपासला होता: हिमातली काजळी उपग्रहावरून ओळखता येते का? उत्तर बहुतांशी नकारार्थी होते. आर्क्टिकच्या हिमात सामान्यतः आढळणारी काजळी आल्बेडोत जो फरक पाडते, तो कणांचा आकार, पातळ ढग आणि उंचसखलपणा यांच्या फरकांखाली दबून जातो. काजळी मोजायची तर हिम गोळा करून, वितळवून, गाळूनच मोजावी लागते.

८. काळ्या पट्ट्यात कोण काळे?

पश्चिम ग्रीनलँडच्या कडेला उन्हाळ्यात एक रुंद काळपट पट्टा उघडा पडतो. इथली घट खरी आहे आणि मोठी आहे. प्रश्न कारणाचा आहे. आडॉल्फ एरिक नॉर्डेनशल्ड यांनी १८७० मध्ये ग्रीनलँडच्या बर्फावरचा काळा गाळ वर्णिला आणि त्याला क्रायोकोनाइट हे नाव दिले. त्यांच्यासोबत असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ स्वेन बेरग्रेन यांना त्याच बर्फावर सूक्ष्म शैवाले सापडली. हा शोध नंतर बराच काळ कुतूहलाच्या कोपऱ्यात पडून राहिला. गेल्या काही वर्षांत मात्र असे स्पष्ट झाले आहे की पट्ट्याच्या काळेपणात खनिज धुळीइतकाच, काही ठिकाणी तिच्याहून जास्त, वाटा या जांभळट-तपकिरी रंगद्रव्याच्या शैवालांचा आहे.

तरीही ‘शैवाल वाढले, म्हणून काळवंडले’ हेही पुरे नाही. क्रायोकोनाइट ऊन शोषून खाली उतरतो आणि बोटभर ते हातभर खोल नळीसारखी विवरे करतो. सूर्य खाली असेल तर विवराच्या तळाचा काळा गाळ ना उन्हाला दिसतो ना उपकरणाला. सूर्य वर आला की दिसू लागतो. मग उबदार ढगाळ वारे सुटतात, वरचा सच्छिद्र थर झडतो, विवरे उथळ होतात आणि आतला गाळ पृष्ठभागावर पसरतो. गाळ तेवढाच, आल्बेडो वेगळा. कारणांचे वाटे पाडायचे असतील तर वर्णपट, दिशा, सच्छिद्र थराची जाडी आणि जैविक नमुने एकाच जागी, एकाच दिवशी घ्यावे लागतात. अशा एकत्रित मोजण्या अजून मोजक्याच आहेत.

९. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: पुष्कळ मोजण्यांची सरासरी घेतली की चुका एकमेकींना खोडतात. यादृच्छिक चुका खोडतात. इथल्या बहुतेक चुका एकाच बाजूला झुकलेल्या आहेत. शिवाय दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहाला बर्फ दिसतो तो निरभ्र असतानाच. ढगाखाली आल्बेडो वाढतो हे वर आलेच आहे. ते दिवस उपग्रहाच्या नोंदीत प्रवेशच करत नाहीत. न नोंदलेल्या दिवसांची भरपाई कोणतीही सरासरी करू शकत नाही.

दुसरा आक्षेप हवामानाची प्रतिमाने चालवणाऱ्यांचा असतो: प्रतिमानाला शेवटी एकच आकडा लागतो. पूर्वी हे खरे होते; तापमानावरून थेट आल्बेडो ठरवणारी सूत्रे त्यासाठीच होती. मार्क फ्लॅनर आणि चार्ल्स झेंडर यांचे स्निकार हे प्रतिमान मात्र तरंगलांबी, कणांचा आकार, सूर्याचा कोन आणि अशुद्धी यांवरून आल्बेडो काढते आणि आज ते मोठ्या हवामान-प्रतिमानांच्या आत बसवलेले आहे. आकडा आता प्रतिमानातून बाहेर पडतो. बाहेरून पुरवायच्या आहेत त्या परिस्थितीच्या नोंदी, आणि त्याच जर मोजणीसोबत ठेवलेल्या नसतील तर अशा प्रतिमानाची परीक्षाच घेता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. बर्फ वितळतो आहे, वेळ थोडा आहे आणि असल्या बारकाव्यांनी संशयाला खतपाणी मिळते. याचे उत्तर प्रमाणाच्या विवेकात आहे. आर्क्टिकमधला उन्हाळी सागरी बर्फ घटला की ०.६ च्या जागी ०.०६ येतो. हा फरक कललेल्या खांबावरूनही दिसेल. त्यावर या लेखातला एकही मुद्दा शंका घेत नाही. शंका घ्यायची ती दोन-तीन शतांशांच्या फरकावर आणि त्याच्या कारणमीमांसेवर. ठाम आणि डळमळीत अशी दोन्ही विधाने एकाच सुरात मांडली जातात, आणि त्यांतले डळमळीत विधान एके दिवशी मागे घ्यावे लागते तेव्हा ठाम विधानावरचाही विश्वास उडतो.

१०. हिमालयातली परीक्षा

वरच्या सगळ्या अडचणी एकाच वेळी जिथे भेटतात ते ठिकाण म्हणजे हिमालय. हिमनद्या अरुंद, पाचशे मीटरच्या चौकोनात बर्फ, खडक आणि सावली एकत्र येतात. उतार तीव्र, समोरच्या हिमाच्छादित भिंतीवरून आलेला प्रकाशही बर्फावर पडतो आणि तो ‘आकाशातून आलेला’ म्हणून मोजला जातो. गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने २०१६ मध्ये स्पीतीत ४०८० मीटर उंचीवर ‘हिमांश’ हे संशोधनस्थानक उभारले. अंटार्क्टिकाच्या सपाट हिमस्तरावर घडलेली मोजण्याची रीत चंद्रा खोऱ्यातल्या हिमनद्यांवर जशीच्या तशी चालत नाही. उतार, सावली आणि खडक यांचा हिशोब तिथे नव्याने मांडावा लागतो.

आल्बेडो कमी म्हणजे वितळण जास्त, हा नियमही हिमालयात मोडतो. गुन्नार ओस्त्रेम यांनी १९५९ मध्ये दाखवले की दगडमातीचा पातळ थर बर्फाची वितळण वाढवतो, पण थर काही सेंटिमीटरपलीकडे गेला की तीच दगडमाती उष्णता अडवते आणि वितळण उघड्या बर्फापेक्षाही कमी होते. गंगोत्री हिमनदीचा खालचा भाग दगडांनी झाकलेला आहे. तिथला आल्बेडो मोजता येतो, पण तो दगडांचा असतो. खालच्या बर्फाच्या वितळणीबद्दल तो स्वतःहून काही सांगत नाही.

लाहौल-स्पीतीतील छोटा शिग्री हिमनदीवर, जिच्या वस्तुमानाचा ताळेबंद २००२ पासून ठेवला जातो, वेगळीच गोष्ट आढळली. मोसमी पावसाच्या महिन्यांत वर पडणारे हिम उघड्या बर्फाला झाकते, आल्बेडो एकदम वर जातो आणि वितळण थबकते. त्या उन्हाळ्यात असे हिम किती आणि कधी पडले, यावर वर्षाचा ताळेबंद बराच अवलंबून असतो. हिम पडते तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते, म्हणून उपग्रहाच्या नोंदीत नेमके तेच दिवस रिकामे असतात. त्या दिवसांचा आल्बेडो मिळतो तो खांबावरच्या दोन पायरॅनोमीटरांकडूनच, तोही वरच्या घुमटावर हिम साचलेले नसेल तर.